काड्यांचा त्रिकोण

शेजारच्या वहिनी काल विचारत होत्या, पोराला मोबाईलवर बघण्याजोगं काही आहे का? मी अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ सांगितलं. त्यांना बहुधा गुण, तारे, बक्षिसं असलं काहीतरी हवं होतं. इथे तसलं काही नाही. दिसायलाही ते साधंच. पण टाकाऊतून केलेली शेकडो खेळणी आणि फुकट उतरवून घेता येणारी पुस्तकं, मराठीसुद्धा!

आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर पुण्यात टेल्को कंपनीतली नोकरी सोडून मुलांत रमला. पुढे आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातल्या विज्ञानकेंद्रात वर्षानुवर्षं खेळणी करत, शिकवत राहिला. २०१८ साली पद्मश्री मिळाली.

संध्याकाळी त्यांच्या पोराला घेऊन मोबाईलवर ते संकेतस्थळ उघडून बसले. काडेपेटीतल्या काड्यांचा गुल खरवडून काढला, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे केले. त्यात काड्या खोचून चौकोन केला. बोट लावताच तो कलंडला. त्रिकोण मात्र दाबला तरी हटेना. मग चौकोनात तिरकी काडी घालायला गेलो, तर ती पुरेना! कर्ण बाजूपेक्षा लांब असतो, हे त्याला पुस्तकाआधी काडीनेच सांगितलं. दोन तुकडे जोडून कर्ण बसवला आणि चौकोन ताठ झाला. "म्हणून रेल्वेच्या पुलाला तिरक्या पट्ट्या असतात?" त्याने विचारलं. मोबाईल तोवर बाजूला पडला होता.

ज्या संकेतस्थळावरून मूल उठून कात्री शोधायला जातं, ते चांगलं. माझी कसोटी एवढीच.