घुशीचे ऋतुमान

आमच्या दोघांच्या नोकऱ्या नांदेड आणि लातूर अशा दोन गावी असल्यामुळे आमच्या वाट्याला दोन परसे आली आणि त्यांबरोबर घुशींची दोन बिऱ्हाडेही. मूषकाला निदान गणपतीच्या पायांशी जागा मिळाली. घुशीला तेवढेही भाग्य नाही. हिंदीने तर तिचे नाव लाचेला दिले. आमच्या देगलूर-धर्माबादकडच्या विद्यार्थ्यांच्या घरी तेलुगू चालते. तेलुगूत घूस म्हणजे ‘पंदिकोक्कु’, डुक्कर-उंदीर. इंग्रजांनी त्याचेच ‘बँडिकूट’ केले आणि पुढे ते नाव ऑस्ट्रेलियातल्या, उंदराशी काडीचे नाते नसलेल्या एका पिशवीवाल्या प्राण्याला चिकटवले. तेलुगू नाव मात्र चपखल आहे. डिवचली की घूस खरोखरच डुकरासारखी घुरघुरते.

नांदेडची घूस पावसाळ्याची. गोदावरी फुगली, विष्णुपुरीचे दरवाजे उघडले, की काठाकडची बिळे पाण्याखाली जातात आणि ती उंचवटा शोधते. उंचवटा म्हणजे घराचे जोते, कुंपणभिंतीचा पाया, तुळशीवृंदावन. श्रावण-भाद्रपदात सकाळी वृंदावनाशी भुसभुशीत मातीचा ढीग दिसला की ओळखावे. लातूरची घूस उन्हाळ्याची. तिथे काळी माती भेगाळते, शेते रिकामी होतात आणि ती ओलाव्यामागे येते. 2016 च्या एप्रिलमध्ये शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, तेव्हा आमच्या परसात ओल उरली होती ती धुण्याच्या दगडाखाली. बीळ नेमके तिथेच. पंचांगातले ऋतू तिला ठाऊक नसावेत. पाणी आणि दाणा कुठे आहे, एवढेच तिचे ऋतुमान.

म्हणूनच भाद्रपदात विष घेऊन धावण्यात अर्थ नाही. गाभणकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, एका वेतात सहा-आठ पिल्ले. सुगीचा दाणा मिळू लागल्यावर ही संख्या कुणाला आवरणार? बंदोबस्ताचा काळ मे महिना. खाणे दुर्मीळ असते, संख्या कमी असते आणि आमिषाला ती लवकर भुलते. संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जे उकरलेले असेल ते नांदते. झिंक फॉस्फाइडच्या काळ्या भुकटीपुढे ती हुशार ठरते. आधी दोन-तीन दिवस तेल लावलेले साधे धान्य घालून तिचा विश्वास संपादावा लागतो, आणि एकदा चाखून वाचली तर ती पुन्हा शिवत नाही. मुले, मांजरे, कोंबड्या वावरतात त्या परसात हा विश्वासघात आम्हांला परवडत नाही. सल्फासच्या गोळीचे तर नावच काढू नये. बिळातला तिचा वायू भिंतीच्या फटींतून घरात येतो आणि माणसे दगावतात. आम्ही मोठा पिंजरा, आत भजे, आणि रिकाम्या बिळात काचेचे तुकडे घातलेले सिमेंट यांवर भागवतो. मोरीच्या तोंडाला जाळी हवीच.

हे सारे किरकोळ वाटेल, पण आमच्या भागाला ते किरकोळ मानता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर शेजारच्या बीड जिल्ह्यातही लोक धास्तीने घराबाहेर राहू लागले. साठवलेले धान्य मात्र घरातच राहिले. त्या मोकळ्या घरांत उंदीर माजले, आणि ऑगस्ट 1994 मध्ये बीडच्या मामला गावात गाठीचा प्लेग उद्भवला. अभ्यासकांनी या दोन घटनांचा संबंध जोडला आहे. प्लेगात उंदीर मारण्याची घाई घातकच ठरते, कारण मेलेल्या उंदरावरच्या पिसवा उपाशी राहत नाहीत, त्या माणसाकडे वळतात. म्हणून आधी पिसवांवर फवारणी, मग उंदीर. धान्य आत आणि माणूस बाहेर, अशा घराची आम्हांला तेव्हापासून धास्ती आहे. सुट्टीत लातूरचे घर बंद करताना डाळ-तांदळाचे डबे आम्ही बरोबर नेतो. शेजारी हसतात.

लातूरच्या गल्लीतल्या एका पडक्या वाड्यात गव्हाणी घुबडांची जोडी राहते. अपशकुनी म्हणून तिला हुसकावण्याचे बेत चालले आहेत. रात्रभर ती जोडी कशावर गुजराण करते, हे आम्ही सध्या घरोघर सांगत फिरतो आहोत.