अकलेचे तारे

काही वाक्यं बोलणाऱ्याला फुकटात तत्त्वज्ञ करून सोडतात. माझ्याकडे असं एक वाक्य होतं. रात्री चार माणसं गच्चीवर जमली, की मी आकाशाकडे बघून एक सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचं, "हे तारे दिसताहेत ना, त्यांतले बहुतेक केव्हाच विझलेत. आपण बघतोय तो नुसता जुना उजेड!" मग सगळे गप्प व्हायचे. कोणीतरी "काय हे माणसाचं आयुष्य!" म्हणायचं, आणि माझ्या बशीत दोन भजी जास्त पडायची. या एका वाक्यावर मी चाळीस वर्षं विद्वान म्हणून काढली.

गेल्या फेब्रुवारीत एका रात्री वीज गेली. सगळी बिऱ्हाडं गच्चीवर आली. डोक्यावर मृग नक्षत्र लखलखत होतं. मी सुस्कारा सोडला, वाक्य टाकलं. तर माझी नववीतली नात म्हणाली, "आबा, नेमके कुठले विझलेत?"

चाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं! मी घाईघाईनं सगळ्यांत ठळक ताऱ्याकडे बोट दाखवलं.

"तो व्याध. साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे. हा उजेड तिथून निघाला तेव्हा मी बालवाडीत होते. एवढ्यात कसा विझेल?"

मग तिनं सगळ्या गच्चीसमोर माझी शिकवणी घेतली. नुसत्या डोळ्यांना दिसणारे बहुतेक तारे हजार-दोन हजार प्रकाशवर्षांच्या आतले. आणि ताऱ्यांचं आयुष्य मोजायचं ते कोटींत. सूर्यासारख्याचं तर हजार कोटी वर्षं. तेव्हा दिसतात ते जवळजवळ सगळे तारे आजही जागच्या जागी आहेत. "चला," आमची ही म्हणाली, "चाळीस वर्षं अकलेचे तारे तोडलेत, आता नवीन वाक्य शोधा." त्या रात्री भजी नव्हतीच, हे एक बरं झालं.

माझा जन्म कारकुनीत गेला. खाली येऊन मेणबत्तीच्या उजेडात मी त्रैराशिक मांडलं. ताऱ्याचं सबंध आयुष्य म्हणजे माणसाची ऐंशी वर्षं धरली तर? दक्षिणेकडचा मित्र तारा बराचसा सूर्यासारखा. त्याचा उजेड यायला चार वर्षं आणि काही महिने लागतात. हिशेबात ते पत्र निघालं एका सेकंदापूर्वीचं! मृगातला तांबूस काक्षी मात्र अल्पायुषी. त्याचा सगळा कारभार कोटभर वर्षांचा. 2019च्या अखेरीस तो एकाएकी मंदावला, तेव्हा 'आता फुटतो' म्हणून जगभर ओरड झाली. पण त्यानं स्वतःच सोडलेल्या धुळीनं तो झाकला गेला होता; 2020च्या एप्रिलपर्यंत पुन्हा उजळला. लाखभर वर्षांत कधीतरी तो फुटेल म्हणतात. म्हणजे आमच्या हिशेबात म्हातारा नऊ-दहा महिन्यांचा सोबती. पण त्याचं पत्र, सहाएकशे वर्षांचं असूनही, परवाचंच.

पत्र म्हटल्यावर अण्णांची आठवण झाली. अण्णा माझे थोरले बंधू. वय त्र्याऐंशी. कोकणातल्या घरी एकटे असतात. मुलानं घेऊन दिलेला मोबाईल हरवू नये म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवतात आणि मला कार्ड टाकतात: 'येथील सर्व क्षेम.' मी ते वाचतो, 'अण्णा मजेत आहेत' म्हणतो आणि निर्धास्त होतो. मेणबत्ती घेऊन शेवटचं कार्ड शोधलं. तारीख दीड महिन्यापूर्वीची.

ज्या ताऱ्याची काळजी साऱ्या जगाला, त्याची खबर दोन दिवसांची. आणि सख्ख्या भावाची दीड महिन्याची! विझलेल्या ताऱ्यांवर मी चाळीस वर्षं सुस्कारे सोडले, पण अण्णांच्या बाबतीत हा जुना उजेड मला खुशाल पुरत होता.

सकाळची पहिली एसटी पकडली. अण्णा अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते. मला बघून दचकलेच.

"मध्येच कसा रे? माझं कार्ड मिळालं नाही काय?"

"मिळालं. पण शिळं होतं."

रात्री जेवणं झाल्यावर अंगणात बाजलं टाकलं. लहानपणी याच अंगणात अण्णांनी मला मृग दाखवला होता. मी वर पाहिलं आणि सवयीनं सुस्कारा सोडला.

"ते विझले-बिझले काही सांगू नकोस हां," अण्णा अंधारातून म्हणाले. "लहानपणी मीच तुला सांगितलं होतं ते. तेव्हा मला तरी कुठं काय कळत होतं!"