महाडच्या नगरपालिकेचा एक ठराव!

ऐका, ऐका! हातातलं काम जरा बाजूला ठेवा! मी काही इतिहासकार नाही, कायद्यातलं तर मला ओ की ठो कळत नाही, पण आपल्या रायगड जिल्ह्याचा कारभार वाचायला घेतलाय आणि आता एका जागी बसवत नाही!

कारभार म्हणजे सातबारा, दाखले आणि रांगा, असंच वाटतं ना तुम्हालाही? मग हे बघा! १८४० मध्ये आंग्र्यांचं संस्थान इंग्रजांनी खालसा केलं, आणि मग १८६९ साली ठाण्यातून फुटून कुलाबा जिल्हा झाला, आणि मग १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन होऊन मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन आत आले, आणि मग १९६२ ला जिल्हा परिषद, आणि मग १ जानेवारी १९८१ ला नावच बदललं, रायगड! आणि कान्होजी आंग्र्यांच्या हिराकोट किल्ल्यात चक्क अलिबागचा तुरुंग! पनवेलची नगरपालिका तर १८५२ मध्येच झाली होती! सत्तावनच्या बंडाच्याही आधीची!

पण खरी गंमत महाडला! चवदार तळ्याचा सत्याग्रह कुणाला ठाऊक नाही? पण त्यामागचा कागद? १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा, आणि मग जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपलं तळं खुलं करून टाकलं! एवढ्याशा गावाने! ठराव झाला, पण पाण्याला हात लावू देईना कुणी, आणि मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, आणि मग ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला! रद्द! आणि मग तळं खासगी असल्याचा सवर्णांचा दावा, आणि मग तारखांवर तारखा, आणि मग १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल, बाबासाहेबांच्या बाजूने! दहा वर्षं!

कळलं ना, मी का नाचतोय? ठराव नगरपालिकेने केला, पण तो खरा केला पाण्यापर्यंत चालत गेलेल्या माणसांनी!

म्हणून एक कराच. आपल्याकडे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. पुढच्या सभेला जा, मागच्या सभेचं इतिवृत्त मागा, आणि त्यातला कुठला ठराव अजून कागदावरच आहे ते सगळ्यांसमोर विचारा!