दोन किल्ल्यांचें कल्याण

तळोजें या गांवाचें नांव सांप्रत वर्तमानपत्रांत येतें तें कारखान्यांमुळें किंवा तुरुंगामुळें. वस्तुतः तें वाटेवरचें गांव. पनवेलची खाडी मागें टाकून उत्तरेस निघालें कीं तळोजें, पुढें शीळ, उजव्या हातास मलंगगडाचे सुळके, आणि सुमारें पंचवीस किलोमीटरांवर कल्याण, असा हा जुना मार्ग आहे. मराठेशाहींत हा सारा मुलूख कल्याण प्रांतांत मोडे, आणि इंग्रजी अमदानींतहि पनवेल तालुका 1883 पर्यंत ठाणें जिल्ह्यांतच होता. तळोजेकरांस आपल्या भूमीचा पूर्वेतिहास शोधावयाचा असेल तर त्यांनीं अलीबागेकडे न पाहतां कल्याणकडे पाहिलें पाहिजे. आम्ही तसें अनेकवार पाहिलें आहे, व प्रत्येक वेळीं एकच प्रश्न मनांत घेऊन परत आलों आहों: या एका मध्यम प्रतीच्या बंदरासाठीं दोन सहस्र वर्षें इतक्या राजांनीं इतका खटाटोप कां करावा?

प्रश्नाचें उत्तर इतिहासाआधीं भूगोलांत सांपडतें. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते, कर्जत-बदलापुरावरून उतरते, आणि कल्याणजवळ काळू नदीला पोटांत घेऊन खाडीचें रूप धारण करते. भरतीचें पाणी येथपर्यंत चढतें. म्हणजे समुद्राची गलबतें जेथवर निर्धास्त येऊं शकत, तें हें टोंक. उलट बाजूनें पाहिलें तर नाणेघाट, बोरघाट व थळघाट या तिन्ही वाटांनीं देशावरून उतरणारे बैलांचे तांडे येऊन मिळत तेंहि येथेंच. घाट आणि खाडी यांची गांठ पडली कीं जकात आली, आणि जकात आली कीं शस्त्र आलें.

परंतु या वैभवांतच एक व्यंग होतें. कल्याणच्या व्यापाराला दोन कुलुपें होतीं आणि दोहोंच्या किल्ल्या शहराच्या कनवटीस नव्हत्या. एक किल्ली घाटमाथ्यावर जुन्नरच्या धन्याकडे. दुसरी खाडीच्या मुखाशीं, जो कोणी वसई व ठाणें राखून असेल त्याच्याकडे. या दोन किल्ल्या एका हातीं असल्या तर शहर फुले. दोन हातीं गेल्या कीं शहर जळे. कल्याणचा इतिहास आम्ही या एका सूत्रानें वाचतों, आणि आजवर तें सूत्र तुटलेलें आम्हांस आढळलें नाहीं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक समुद्रवृत्तांतच पाहावा. त्याचा अनामिक कर्ता लिहितो कीं, थोरल्या सातकर्णीच्या काळीं कल्याण हें राजमान्य बंदर होतें. पुढें तें सँडनीज नामक सत्ताधीशाच्या हातीं गेल्यावर तेथें अडथळे उत्पन्न झाले, आणि एखादें ग्रीक गलबत चुकून तिकडे वळलेंच तर त्याला पहाऱ्यांत भडोचेस नेण्यांत येई. सातवाहन व क्षत्रप यांच्या चढाओढींत घाटाची किल्ली एकाकडे व समुद्राची दुसऱ्याकडे राहिली असतां काय होतें, याचा हा सर्वांत जुना दाखला. असें असूनहि शहर मेलें नाहीं. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या रहिवाशांचीं दानें कोरलेलीं आहेत. त्या लेखांत राजे-महाराजे थोडे. सोनार, लोहार, व्यापारी असे लोकच पुष्कळ. कोणी लेणें कोरविलें, कोणी पाण्याचें टांकें खोदविलें. सँडनीज हा कोण होता याविषयीं पंडित अद्यापि वाद घालतात. कल्याणच्या सोनाराचें नांव मात्र दगडावर स्पष्ट वाचतां येतें. पुढें सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाचा एक ख्रिस्ती प्रवासी येथून तांबें, लांकूड आणि कापड जात असल्याचें नमूद करतो, व इराणहून नेमलेला एक धर्मगुरु येथें राहत असे असेंहि सांगतो.

अशी ही दुहेरी कुलुपांची व्यथा केवळ आमच्याच नदीची आहे असें मात्र नाहीं. 2022 पासून युक्रेनांतील नीपर नदीकांठच्या शहरांचीं नांवें आपल्या घरांतील मुलांनाहि पाठ झालीं आहेत. त्यांतील मुख्य शहर कीव्ह हें असेंच उत्तरेचा माल दक्षिणेस कॉन्स्टँटिनोपलकडे नेणाऱ्या नौकांचें ठिकाण होतें. परंतु खालीं नदीच्या पात्रांत खडकांच्या पायऱ्या असत; तेथें नौका खांद्यावर वाहून न्याव्या लागत, आणि गवताळ प्रदेशांतील भटके स्वार तेथेंच टपून बसत. कीव्हचा पराक्रमी राजा स्व्यातोस्लाव 972 सालीं त्याच खडकांपाशीं मारला गेला. 1240 सालीं बातूखानाच्या मोंगलांनीं तें शहर उध्वस्त केलें. नंतर लिथुएनिया, पोलंड, मॉस्को असे धनी बदलत गेले. 1941 सालीं जर्मनांनीं तें घेतलें, 1943 सालीं तें त्यांच्याकडून परत घेतलें गेलें, आणि 2022 च्या वसंतांत रशियन सैन्य त्याच्या वेशीपर्यंत येऊन माघारें गेलें. ते खडक आतां धरणाच्या पाण्याखालीं आहेत. तंटा कांहीं बुडाला नाहीं.

आतां आपल्या खाडीकडे परत येऊं. 1534 सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगिजांस दिली आणि समुद्राची किल्ली फिरंग्यांच्या कमरेस गेली. त्यांनीं कल्याण आपल्याकडे ठेवण्याची यातायात केली नाहीं. 1570 सालीं ते चालून आले, शहराबाहेरील वस्ती जाळली व लूट घेऊन परतले. घराची किल्ली ज्याच्यापाशीं आहे त्याला घरांत राहावयाची गरज काय?

24 ऑक्टोबर 1657 रोजीं शिवाजीमहाराजांच्या सैन्यानें कल्याण व भिवंडी हीं शहरें आदिलशाहीकडून घेतलीं. हा प्रसंग म्हटला कीं आपल्याकडे सुभेदाराच्या सुनेची कथा आठवते, आणि ती लहानपणीं आईच्या मांडीवर ऐकली नाहीं असा मराठी माणूस विरळा. समकालीन कागदांत तिला आधार सांपडत नाहीं, हें येथें स्वच्छ सांगितलें पाहिजे. महाराजांचें स्त्रीदाक्षिण्य सिद्ध करण्यास त्या एका कथेची गरजहि नाहीं. आम्हांस खेद एवढाच वाटतो कीं, त्या गोष्टीच्या तेजांत कल्याणची दुसरी, कागदोपत्रीं सिद्ध असलेली गोष्ट झांकोळून गेली. ती अशी.

कल्याण घेतलें त्याच क्षणीं महाराजांच्या ध्यानांत आलें असलें पाहिजे कीं खाडीचें मुख वसईकरांच्या तोफांखालीं आहे. नदीकांठच्या टेकडीवर दुर्गाडीचा कोट उभा राहिला, आणि त्याच्या परिसरांत लढाऊ नौका बांधावयास घेतल्या गेल्या. ज्यास नौकाबांधणी उत्तम येत होती असे कारागीर पोर्तुगिजांपाशींच होते. तेव्हां रुइ लैतांव व्हिएगस नांवाच्या फिरंग्याच्या हाताखालीं तीनशेंहून अधिक माणसें कामास लावलीं गेलीं. 1659 सालीं वसईच्या कप्तानाला हें समजतांच तो हादरला. आज सिद्दीविरुद्ध म्हणून बांधलेल्या नौका उद्यां आपल्याच दारावरून समुद्रांत उतरणार, हें त्याला दिसलें. त्यानें आंतून संधान बांधलें, व ते कारागीर काम सोडून वसईस निघून गेले. काम थांबलें का? मुळींच नाहीं. हाताखालीं शिकलेलीं आपलींच माणसें पुढें आलीं, व मराठ्यांचें आरमार वाढतच गेलें. परक्याचा कसबी माणूस आणावा, परंतु त्याच्याजवळ आपला माणूस उभा करावा, ही जी दूरदृष्टि येथें दिसते ती आम्हांस सुनेच्या कथेपेक्षां यत्किंचितहि कमी उदात्त वाटत नाहीं.

यानंतरचीं ऐंशी वर्षें म्हणजे नुसती ओढाताण. 1661 सालीं मोंगलांनीं कल्याण घेतलें. 1670 सालीं मराठ्यांनीं परत घेतलें. 1682 च्या आरंभीं हसनअलीखान घाट उतरून आला व त्यानें शहर जाळलें. 1689 सालीं मातबरखानानें तें पुन्हां बादशाहीस जोडलें. सालांची ही मालिका पाठ करण्यांत अर्थ नाहीं. एकेका सालामागें किती घरांचीं छपरें जळलीं हें मनांत आणावें म्हणजे झालें. मातबरखान मात्र केवळ लुटारू नव्हता. त्याच्या काळीं, 1694 सालीं, अकरा बुरुजांची व चार दरवाजांची तटबंदी पुरी झाली, आणि तलावाच्या कांठीं त्याची कबर आहे. शत्रूकडून आलेल्या मनुष्यानेंहि शहराला कांहीं दिलें असल्यास तें मोकळ्या मनानें सांगावें, असें आमचें मत आहे. तट आतां नाहीं. पुढें त्याचे दगड इतर बांधकामांत गेले.

1719 च्या सुमारास कल्याण मराठ्यांकडे आलें, 1737 सालीं ठाणें व साष्टी आली, आणि 1739 च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं वसई घेतली. कल्याण, ठाणें आणि वसई हीं तिन्ही ठिकाणें एका सत्तेखालीं! दोन्ही किल्ल्या एका जुडग्यांत आल्या. सुभेदारवाडा, पारनाक्याचे वाडे, देवळें, अग्निहोत्र्यांचीं व वैदिकांचीं घरें हें जें ‘जुनें कल्याण’ म्हणून आपण सांगतों, तें मुख्यत्वें या तीस-पस्तीस वर्षांच्या स्वस्थतेचें फळ आहे.

आणि या स्वस्थतेच्या ऐन मध्यांत ती चूक घडली. कल्याणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनीं 1755 सालीं तुळाजी आंग्र्याला नमविण्यासाठीं मुंबईकर इंग्रजांशीं करार केला. सुवर्णदुर्ग पडला, पुढल्या वर्षीं विजयदुर्गाच्या बंदरांत आंग्र्यांचें आरमार जळून गेलें. तुळाजी उद्दाम होता, त्यानें ब्राह्मणांसहि छळलें होतें, हें सारें खरें. तरीपण घरांतील भावास शिक्षा देण्यासाठीं शेजाऱ्याच्या हातीं कोलीत दिलें, याचा हिशेब वीस वर्षांच्या आंतच चुकवावा लागला. 1774 च्या डिसेंबरांत त्याच इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला, आणि त्यांस समुद्रावर अडवील असें आरमार आतां शिल्लक नव्हतें. 1780 च्या मे महिन्यांत कॅप्टन कँबेल यानें कल्याण काबीज केलें. नाना फडणवीसांस या ठाण्याची किंमत पुरी ठाऊक असल्यानें त्यांनीं मोठी फौज पाठविली. परंतु अखेरचा हल्ला व्हावयाचा त्याच्या आदल्या रात्रीं कर्नल हार्टली येऊन मराठ्यांच्या तळावर अवचित पडला. सालबाईच्या तहानें 1782 सालीं युद्ध मिटलें, तरी साष्टी इंग्रजांकडेच राहिली. सूत्र तेंच.

1 मे 1854 रोजीं आगगाडी ठाण्याहून कल्याणास पोंचली. नंतर बोरघाट व थळघाट दोन्हीं लोहमार्गांनीं चढले गेले, आणि ज्या दोन किल्ल्यांसाठीं एवढें रक्त सांडलें त्या एकदम निरुपयोगी झाल्या. खाडीच्या मुखाशीं कोण आहे याची चौकशी करण्याचें कोणास कारण उरलें नाहीं. पेशवाईवर पोसलेलीं घराणीं खचत होतीं. अशाच एका खचलेल्या वाड्याच्या जोशी घराण्यांत 1865 सालीं यमुना जन्मली. तीच पुढें डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून 1886 सालीं फिलाडेल्फियाहून वैद्यकाची पदवी घेती झाली. तिच्या जन्माच्या आदल्याच वर्षीं, 1864 सालीं, कल्याणकरांनीं सार्वजनिक वाचनालय स्थापन केलें होतें. तें अद्यापि चालू आहे. आगगाडी आल्यावर दहा वर्षांतच शहरानें पुस्तकांचें कपाट मांडलें, याचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें.

तरीहि दुरून युद्धाची झळ लागलीच. दुसऱ्या महायुद्धांत लगतच्या माळावर लष्करी छावणी पडली, आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या सुमारें एक लक्ष निर्वासितांस आसरा मिळाला. 1949 सालीं त्या वसाहतीचें उल्हासनगर असें नामकरण झालें. सिंधूकांठीं घरें गमावलेल्या लोकांच्या नव्या गांवास दुसऱ्या एका नदीचें नांव मिळालें. या लोकांनीं शून्यांतून धंदे उभारले, त्यांचा उद्योग वंदनीय आहे. परंतु कापड रंगविण्याचें पाणी वालधुनींत, वालधुनीचें खाडींत, असा क्रमहि तेव्हांपासून वाढत गेला. एकट्या त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. आमच्या तळोज्यांत 2017 सालीं कारखान्याच्या रंगानें कुत्रे निळे झाले होते! पंचतंत्रांतील चंडरव कोल्हा निळीच्या पिंपांत पडून निदान राजा तरी झाला. या मुक्या जनावरांच्या नशिबीं तेंहि नव्हतें.

दुर्गाडीच्या टेकडीवर आज जावें तर देवीचें मंदिर आहे व नमाजाची भिंतहि आहे. त्यांवरून तंटा होऊन तो न्यायमंदिरांत गेला. पायथ्याशीं भारतीय नौदलाची निवृत्त झालेली एक युद्धनौका आणून ठेविली आहे, मुलांनीं ती अवश्य पाहावी. मात्र बुरुजावरून खाडी पाहतांना नाक दाबावें लागतें. वर, शहाड-मोहिलीकडे, जेथून लक्षावधि लोकांच्या घरीं प्यावयाचें पाणी जातें, तेथें उन्हाळ्यांत उल्हासच्या पात्रावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. यंत्रांनीं तो काढतात, पुढल्या वर्षीं तो पुन्हां येतो. सातवाहनांपासून इंग्रजांपर्यंत प्रत्येकानें या पाण्यावर हक्क सांगितला होता. आज खाडीच्या उभय तीरांवर नगरपालिका, महानगरपालिका, मंडळें मिळून कितीतरी अधिकारी आहेत, आणि हें पाणी आमचें म्हणून पुढें येणारा एकहि आम्हांस तेथें भेटला नाहीं.

ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं पावसाळा सरल्यावर, भरतीची वेळ पाहून जावें. तेव्हां पाणी चढतें, चिखल झांकतो, आणि गलबतें येथवर कशीं येत असतील तें डोळ्यांस दिसतें.