बारा चुकांचा माणूस

माझे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेले. म्हणजे मी सासू नव्हतो, की समीक्षकही नव्हतो. मी मुद्रितशोधक होतो. (घरी हे खाते हिच्याकडे आहे.) पुण्यातल्या एका छापखान्यात चाळीस वर्षे मी लाल शाईने दुसऱ्यांच्या वेलांट्या ऱ्हस्वाच्या दीर्घ आणि दीर्घाच्या ऱ्हस्व केल्या.

हा धंदा मोठा चमत्कारिक. पकडलेल्या दहा हजार चुका कुणाला दिसत नाहीत. सुटलेली एक मात्र गावाला दिसते. एका मुख्याध्यापकांच्या गौरवग्रंथाची चारशे पाने मी तीनतीनदा वाचली. शुद्ध, निर्मळ, गंगाजलासारखी पाने! फक्त मुखपृष्ठावर, बोटाएवढ्या टायपात, 'मूर्खाध्यापक' असे छापून गेले. त्या चारशे पानांचे नाव आजवर कुणी काढलेले नाही. मी निवृत्त झालो त्या दिवशीही मालकांनी निरोपाच्या भाषणात पहिला किस्सा तोच सांगितला. टाळ्या पडल्या. मीही हसलो. रात्री झोप मात्र आली नाही.

चाळीस वर्षांत शेकडो पुस्तके माझ्या हाताखालून गेली. त्यांतल्या काहींना बक्षिसे मिळाली, लेखकांना हार पडले. मी शेवटच्या ओळीत खुर्चीवर बसून निमंत्रणपत्रिकेतले अनुस्वार तपासत राहिलो. हा सल बरोबर घेऊन मी गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे शिकागोला गेलो. विमानात तेवीस किलोंपर्यंत सामान नेऊ देतात. सल कुणी वजनात धरत नाही.

तिथे नातवाने पहिल्याच संध्याकाळी मला टीव्हीसमोर बसवले. अकरा वर्षांचा पोर. मराठी बोलतो, पण इस्त्री न केलेले.

"आजोबा, हे बेसबॉल. वर बघा. आर म्हणजे रन, एच म्हणजे हिट, आणि ई म्हणजे एरर."

मी ताठ बसलो. "एरर? म्हणजे चूक?"

"हो. कुठल्या टीमनं किती चुकी केली ते."

"आणि ते असं चारचौघांत दाखवतात?"

"दाखवतात, आणि बुकात पण लिहितात. नावासकट. शंभर वर्षं तसंच राहतं."

मला भरून आले. आपल्या क्रिकेटमध्ये एखाद्याने सोपा झेल टाकला, तर गोलंदाज कमरेवर हात ठेवतो, प्रेक्षक त्याच्या आईवडिलांची आठवण काढतात आणि विषय संपतो. धावपत्रकात त्याला जागा नाही. इथे चुकांना खास रकाना! चेंडू सुटला तो फलंदाजाच्या कर्तबगारीमुळे की क्षेत्ररक्षकाच्या गलथानपणामुळे, हे ठरवायला एक अधिकृत गृहस्थ नेमलेला असतो. म्हणजे मुद्रितशोधकच! फरक एवढाच, की त्याला सामना फुकट पाहायला मिळतो.

"सगळ्यांत जास्त चुका कोण करतो रे?" मी धंदेवाईक आस्थेने विचारले.

"शॉर्टस्टॉप. कारण त्याच्याकडेच खूप बॉल येतो."

दुसऱ्या आणि तिसऱ्या ठाण्याच्या मधल्या जागेवर हा प्राणी उभा असतो. उजव्या हाताने मारणारे बरेचसे चेंडू त्याच्याच अंगावर येतात. ते वाकून उचलायचे आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पार पलीकडच्या ठाण्यावर फेकायचे. म्हणून या जागी काटक, चपळ माणूस ठेवायची रीत होती. त्याने चेंडू अडवावेत. फलंदाजीत फार दिवे लावावेत, अशी अपेक्षाच नसे. मुद्रितशोधकाने कादंबरी लिहावी, असे कुणाला वाटते का?

"पण एर्नी बँक्स वेगळा होता," नातू म्हणाला, आणि आत जाऊन एक पुस्तक घेऊन आला. ते पुस्तक मी त्या रात्री वाचून काढले. सवयीने पेन्सिल हातात होती. ती केव्हा खाली ठेवली, कळले नाही.

एर्नी बँक्स १९३१ साली टेक्सासमधल्या डॅलसला जन्मला. बारा भावंडांतला दुसरा. बापाला बेसबॉलचे वेड आणि पोराला नाही. म्हणून बाप चिल्लर हातावर ठेवून त्याला झेलाझेली खेळायला लावी. (आमच्याकडे चिल्लर मिळायची ती एरंडेल पिण्याबद्दल. त्यातून कुणी खेळाडू निघाला नाही.) गोऱ्यांच्या संघांची दारे काळ्या खेळाडूंना १९४७ पर्यंत बंदच होती. ती जॅकी रॉबिन्सनने उघडली, पण उघडल्यावरही आत जायला बरीच वर्षे लागत होती. बँक्स 'कॅन्सस सिटी मोनार्क्स' या काळ्या खेळाडूंच्या संघातून खेळला, मध्ये दोन वर्षे सैन्यात गेला आणि १९५३ च्या सप्टेंबरात 'शिकागो कब्ज'मध्ये दाखल झाला. या संघातला तो पहिला काळा खेळाडू.

अंगकाठी सडपातळ. बॅट हलकी, ३१ औंसांची. म्हणजे नऊशे ग्रॅमसुद्धा नाही. पण मनगटे अशी, की चेंडू कुंपणाबाहेर जाईपर्यंत गोलंदाजाला वाटावे, याने नुसती माशी वारली. १९५५ साली त्याने ४४ होमरन मारले. १९५८ साली ४७. शॉर्टस्टॉपच्या जागेवरून खेळणाऱ्याने एका मोसमात इतके होमरन मारण्याचा हा विक्रम २००१ पर्यंत टिकला. १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षे नॅशनल लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू तोच ठरला. तोवर त्या लीगमध्ये सलग दोनदा हा मान कुणालाच मिळाला नव्हता.

आणि आता माझ्या खात्यातला आकडा. १९५८ साली बँक्सच्या नावावर ३२ चुका होत्या. मारतो चांगला, पण अडवतो बेताचा, असे म्हणणारे लोक कुठेही असतातच. १९५९ साली साऱ्या मोसमात त्याने चुका केल्या फक्त बारा! शॉर्टस्टॉपसाठी तोही विक्रमच. दीडशेच्या वर सामने, शेकडो चेंडू आणि चुका बारा. मी एका मुखपृष्ठावर एक केली होती.

असा नग पदरी असल्यावर कब्जने काय काय जिंकले असेल? काहीही नाही. मोलाच्या खेळाडूच्या त्या दोन्ही वर्षी आठ संघांत यांचा नंबर पाचवा. १९०८ नंतर या संघाने अजिंक्यपद पाहिले नव्हते. १९६१ साली मालकांनी नामी युक्ती काढली: मुख्य प्रशिक्षक एकच ठेवायचा नाही, चारपाच जणांनी आळीपाळीने संघ चालवायचा. संयुक्त कुटुंबात स्वयंपाकघर असे चालवून पाहिलेल्या कुठल्याही बाईने त्यांना निकाल आधीच सांगितला असता. पुढच्या वर्षी १६२ सामन्यांतले १०३ हरले.

त्याच सुमारास बँक्सच्या गुडघ्याने दगा दिला. शॉर्टस्टॉपची जागा सुटली आणि त्याला पहिल्या ठाण्यावर उभे केले. पुढे नव्या प्रशिक्षकाला तो तिथेही म्हातारा वाटू लागला. दर मोसमाच्या सुरुवातीला ती जागा कुणा नव्या पोराला द्यायचे घाटे, आणि मोसम सुरू झाला की पाहावे तो बँक्स पुन्हा तिथेच! आमच्या छापखान्यात संगणक आल्यावर मलाही असेच दर वर्षी काढत होते.

मग आले १९६९. कब्ज पहिल्या दिवसापासून पहिल्या नंबरावर. अडतीस वर्षांचा बँक्स तेवीस होमरन मारून बसला. ऑगस्टपर्यंत सारे शिकागो अजिंक्यपदाच्या गप्पा मारू लागले. आणि ९ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या मैदानावर, भर सामन्यात, कब्जच्या खेळाडूंसमोरून मांजर आडवे गेले. तेही काळे! अमेरिकेत मांजर आडवे जाते, हे ऐकून हिला त्या देशाविषयी प्रथमच आपुलकी वाटली. संघ घसरत घसरत न्यूयॉर्कच्या मेट्सच्या आठ सामने मागे राहिला.

१९७१ साली बँक्स निवृत्त झाला. हिशेब असा: ५१२ होमरन, २,५२८ सामने, आणि मोसमानंतरच्या अजिंक्यपदाच्या फेरीतला सामना एकही नाही. पाचशेवा होमरन त्याने १९७० साली मारला, तेव्हा मैदानावर जेमतेम पाच हजार माणसे होती.

इथपर्यंत वाचून माझे डोळे ओले व्हायला लागले होते. बँक्सपेक्षा स्वतःसाठीच अधिक. पण गडी तयार नव्हता. त्याच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, १९८८ पर्यंत दिवेच नव्हते. तिथले सारे सामने भर उन्हात. आणि शिकागोच्या उन्हाळ्यात, हरणाऱ्या संघाच्या त्या खोलीत शिरताना हा माणूस म्हणायचा, "काय सुंदर दिवस आहे! आज दोन सामने होऊ द्या!"

मला हे संशयास्पद वाटले. इतका आनंदी माणूस मी फक्त दंतमंजनाच्या जाहिरातीत पाहिला आहे. जिथे माणसाची जागा त्याच्या कातडीवर ठरत होती, तिथे हा रोज हसतो कसा? वर्णभेदाविरुद्ध तो उघडपणे बोलत नाही, म्हणून त्याच्याच लोकांतल्या काहींनी त्याला नावेही ठेवली होती. ते हसू खरे होते की ढाल होती, हे पुस्तकाच्या समासात लिहिलेले नसते. पण ढाल असली, तरी एकोणीस मोसम ती हातातून न सोडणे हेही काही खायचे काम नाही. मला निरोपाच्या दिवशी पाच मिनिटे हसायचे होते, त्याने मी थकलो होतो.

रविवारी जावई आम्हा सर्वांना मैदानावर घेऊन गेला. तिथे बाहेर बँक्सचा पुतळा आहे. बॅट उगारलेली, नजर समोर. खाली दगडात त्याचे ते दोन सामन्यांचे वाक्य कोरले आहे. ते मी सवयीने तीनदा वाचले.

"आजोबा, इथं मिस्टेक होती!" नातू म्हणाला. "दोन हजार आठमध्ये पुतळा लावला, तेव्हा ॲपॉस्ट्रफी विसरले होते."

"दगडात?"

"हो! मग त्या आर्टिस्टनं येऊन कोरली."

मी वाकून त्या चिन्हावर बोट फिरवले. एवढ्या मोठ्या माणसाच्या पायाशी, ग्रॅनाइटमध्ये, हजारो लोकांदेखत चूक! आणि कुणी त्या वाक्यावरून पुतळ्याला ओळखत नाही. चूक झाली, कुणीतरी छिन्नी घेऊन आला, दुरुस्त करून गेला. लोक त्या माणसाकडेच पाहतात.

"आजोबा, तुमच्या किती एरर होत्या?"

आयुष्यात प्रथमच मला कुणीतरी हा प्रश्न आकड्यात विचारला होता. "एक," मी म्हणालो. "म्हणजे, मोठी अशी एकच."

"किती वर्षांत?"

"चाळीस."

पोराने तोंडाचा चंबू केला. "चाळीस सीझन आणि एक एरर? आजोबा, तुम्ही तर बँक्सच्या पण वर!"

माझी ही मागे उभी होती. चुकांचे खरे दप्तर तिच्याकडे असते, म्हणून मी भीतभीत तिच्याकडे पाहिले. पण ती काहीच बोलली नाही. हा माझा जन्मातला सर्वांत मोठा सत्कार.

त्या दिवशी कब्ज हरले. सामना संपल्यावर मैदानावर निकालाचे निशाण चढवतात; जिंकले तर पांढरे, हरले तर निळे, म्हणजे आगगाडीतून जाणाऱ्यांनाही कळते. निळे निशाण चढले. डावीकडच्या खांबावर बँक्सच्या १४ नंबराचे निशाण मात्र निकालाची पर्वा न करता फडकत होते. त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळवले ते १९०८ नंतर थेट २०१६ साली. बँक्स २०१५ च्या जानेवारीत गेला. दोन मोसम राहून गेले.

घरी आलो, तर लेकीला एक फोन आलेला. इथल्या मराठी मंडळींची गणपतीची स्मरणिका निघायची होती. प्रुफे तपासायला माणूस मिळत नव्हता. "तुझे बाबा आलेत ना? पण त्यांना त्रास नको. एकच फॉर्म पाठवू का?"

बाहेर ऊन चांगले होते. मी पेन्सिलीला टोक काढीत म्हणालो, "त्यांना सांग, आज दोन होऊ द्या."

मुखपृष्ठ मात्र मी आधी मागवले.