बत्तीसचा टाका

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांतून येणारी तक्रार ठरलेली असते. "एमसीबी सारखा पडतोय दादा, सोळाचा काढून बत्तीसचा टाका." सकाळी सगळं बिनबोभाट चालतं, पडतो तो दुपारी, प्रेसवाल्यांच्या इस्त्र्या तासन् तास चालल्यावर. मालक म्हणतो, एमसीबी खराब झालाय. माझ्या मते त्या गाळ्यात नेमून दिलेलं काम चोख करणारा तो एकटाच असतो.

त्याच्यावर छापलेला आकडा ३० अंश सेल्सिअसला धरून दिलेला असतो. मानक सांगतं की १६ अँपिअरच्या एमसीबीने १.१३ पट, म्हणजे साधारण १८ अँपिअर, तासभर न पडता सोसायचे. १.४५ पट, म्हणजे २३ अँपिअर झाले, तर तासाच्या आत पडायचं. मधल्या पट्ट्यात तो कधी पडेल, हे कुणी लिहून देत नाही. आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकली की खटका सुटतो. शॉर्टसर्किट झालं तर कॉइल क्षणात तोडते, पण ओव्हरलोडचा सगळा कारभार या पट्टीकडे, आणि तिला पत्र्याखालचं ऊनही कळतं, शेजारच्या एमसीबींची धगही. मे महिन्यात बंद डीबीत, म्हणजे एमसीबींच्या डब्यात, सोळाचे सोळा उरत नाहीत.

म्हणून मी वॉट विचारतो, तसं किती वेळ चालतं तेही विचारतो. २ किलोवॉटचा गीझर जवळपास ९ अँपिअर घेतो, पण पाणी तापलं की थर्मोस्टॅट तोडतो. बदलापूरच्या नव्या सोसायट्यांत गाड्यांचे चार्जर आलेत, त्यांचं तसं नाही. ७.२ किलोवॉटचा चार्जर २३० व्होल्टला ३१ अँपिअर घेतो आणि रात्रभर घेत राहतो. ३२ चा एमसीबी कागदावर बसतो. पार्किंगमधल्या कोंडलेल्या डबीत मात्र पहाटे पडलेला सापडतो. अमेरिकेच्या वायरिंग नियमांत ३ तास किंवा त्याहून जास्त चालणारा लोड सव्वापट धरतात. मी तो हिशेब उसना घेतलाय: ३१ ची सव्वापट ३९, म्हणून एमसीबी ४० चा, आणि त्याआधी ४० पेलणारी वायर.

आकडा वाढवण्याआधी डीबीचं झाकण उघडून बघावं. पुष्कळदा टर्मिनलचा स्क्रू ढिला असतो, वायरीचं लाल इन्सुलेशन तोंडाशी तपकिरी, कडक झालेलं असतं, नखाने दाबलं तर तुकडा पडतो. तिथली उष्णता थेट पट्टीपर्यंत जाते. अशा जागी बत्तीसचा लावला तर पडणं थांबेल, जळणं नाही. एमसीबी असतो तो वायरीसाठी. ३२ चा एमसीबी ४५ अँपिअरलासुद्धा बराच वेळ गप्प बसू शकतो. तेवढ्यात दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, वायर भिंतीत भाजून निघते.

वायरमन आला की त्याला क्लॅम्प मीटर लावायला सांगा, आणि तोही भर दुपारी, सगळी मशिनं चालू असताना. दीडच्या वायरीवर मुकाट्याने बत्तीसचा चढवणारा भेटला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.