ग्रँबलिंगचे आचार्य

अमेरिकेस जाऊन आलेली मंडळी नायगाऱ्याचा धबधबा आणि न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता यांच्या वर्णनांनी वाचकांस इतकी तृप्त करून सोडतात की, आम्ही ग्रँबलिंग पाहून आलो असे सांगितले तर ‘ते कोठे आले?’ हाच पहिला प्रश्न यावयाचा. आमच्या कन्येनेही तोच केला. “अण्णा, तिथं पाहण्यासारखं आहे तरी काय?” जावई डॅलस येथे नोकरीस असतात, तेथून पूर्वेस मोटारीने चार तासांची वाट. आमची बाजू घेतली ती नातवाने. एडी रॉबिन्सन हे नाव त्याने आपल्या शाळेच्या मैदानावर ऐकले होते, आणि आजोबा मास्तर होते तेव्हा त्यांनी हा मनुष्य कोण होता हे समजून घेतलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

श्रेव्हपोर्ट मागे पडले की लुइझियाना संस्थानाचा उत्तर भाग लागतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस पाइन वृक्षांची दाटी सुरू होते ती सरतच नाही. जमीन चढउताराची, माती तांबडी. रत्नागिरीकडची आठवण व्हावी इतकी तांबडी. ग्रँबलिंग हे शहर म्हणावे असे नाहीच. एक विद्यापीठ आहे आणि त्याच्या आश्रयाने वसलेले गाव आहे. येथील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांस आपल्या मुलांसाठी शाळा हवी होती. त्यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांजकडे मदत मागितली. त्यांनी चार्ल्स अ‍ॅडम्स नावाच्या तरुणास धाडले, आणि १९०१ साली शाळा उभी राहिली. तिचेच पुढे कॉलेज व १९७४ साली विद्यापीठ झाले.

येथे वाचकांस एक खुलासा करणे अवश्य आहे. अमेरिकन लोक ज्यास फुटबॉल म्हणतात त्यात पायाचे काम थोडे. चेंडू लांबट, तो हातात घेऊन धावावयाचे किंवा फेकावयाचा, आणि समोरच्या अकरा जणांनी अंगावर येऊन पाडावयाचे. एक डाव काही क्षणांचा. तो संपला की खेळ थांबतो, पुढचा बेत ठरतो आणि पुन्हा झुंज सुरू होते. हा बेत बहुधा मैदानाच्या कडेस उभा असलेला शिक्षक ठरवितो. त्यास ‘कोच’ म्हणतात. आपल्या क्रिकेटमध्ये कर्णधाराचे जे स्थान, त्याहून मोठे येथे कोचाचे. म्हणून संघ जिंकला की नाव त्याचे आणि हरला की गच्छंतीही त्याचीच. या देशातल्या पुष्कळ संस्थानांत सरकारी तिजोरीतून सर्वांत मोठा पगार गव्हर्नरास मिळत नाही, विद्यापीठाच्या फुटबॉल-कोचास मिळतो, हे ऐकून आम्ही काही वेळ मौन धरले. ‘कोच’ म्हणजे मूळ घोडागाडी. परीक्षेतून विद्यार्थ्यास ओढून पलीकडे नेणाऱ्या शिकवणीवाल्यास ऑक्सफर्डच्या मुलांनी सुमारे दोनशे वर्षांमागे हे थट्टेचे नाव दिले. खाजगी शिकवण्या करणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनी याचा विषाद मानू नये.

रॉबिन्सन यांचा जन्म १९१९ चा. वडील दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणारे, आई लोकांच्या घरी कामास जाणारी. पदवी मिळाली तरी नोकरी मिळेना, म्हणून ते बॅटन रूज येथे जनावरांच्या खाद्याच्या गिरणीत तासाला पंचवीस सेंटवर काम करीत होते. १९४१ साली ग्रँबलिंगचे अध्यक्ष राल्फ वाल्डो इमर्सन जोन्स यांनी त्यांस बोलाविले. पगार महिना ६३ डॉलर ७५ सेंट. हे जोन्स स्वतः अध्यक्षपद सांभाळून मुलांस बेसबॉल शिकवीत, तेव्हा नव्या माणसाकडून त्यांनी काय काय करून घेतले असेल याची कल्पना करावी. रॉबिन्सन फुटबॉल शिकवीत, बास्केटबॉल शिकवीत, मैदानाचे गवत कापीत, त्यावर चुन्याच्या रेषा ओढीत, मुलांच्या घोट्यांस पट्ट्या बांधीत आणि सामना संपला की वृत्तपत्रांसाठी त्याची हकीकतही आपणच लिहीत. पहिल्या वर्षी तीन सामने जिंकले, पाच हरले. दुसऱ्या वर्षी नवांपैकी नऊ जिंकले, आणि प्रतिपक्षास वर्षभरात एकही गुण मिळू दिला नाही.

कपाशीच्या दिवसांतली एक गोष्ट येथे अजून सांगतात. संघातल्या दोन चांगल्या खेळाडूंस बापाने शेतावर अडकवून ठेवले. कापूस वेचून झाल्यावाचून खेळ नाही. रॉबिन्सन यांनी बापाशी वाद घातला नाही. सगळा संघ घेऊन ते त्या शेतात गेले आणि कापूस वेचून दिला. दूरच्या सामन्यांस जाताना शिदोरी बरोबर बांधून घ्यावी लागे, कारण दक्षिणेतल्या रस्त्यावरील उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांस मज्जाव असे. हे वाचून आपण आश्चर्य करावे असा आपला अधिकार नाही. आमच्या लहानपणीच्या गावात पाणवठे निराळे होते, आणि आमच्या घरच्यांस त्यात वावगे असे काही दिसत नव्हते.

आणि ती घंटा! आम्ही एवढ्या दूर गेलो ते खरे म्हणजे हिच्याच कौतुकाने. रॉबिन्सन सकाळीच गाईच्या गळ्यातली घंटा हाती घेऊन खेळाडूंच्या वसतिगृहात शिरत आणि ती वाजवीत खोल्यांवरून फिरत. ही घंटा मैदानावर बोलावण्याची नव्हती. वर्गात जाण्याची होती. यास्काने ‘आचार्य’ शब्दाची जी फोड केली आहे तीत शिष्याकडून आचार ग्रहण करविणारा हा अर्थ प्रथम येतो, आणि पोटासाठी विद्येचा एखादा भाग शिकविणाऱ्यास स्मृतिकारांनी उपाध्याय म्हणून निराळे काढले आहे. वर्गात आम्ही हा भेद अनेक वर्षे शिकविला. झोपलेल्या मुलाच्या खोलीपर्यंत आम्ही कधी गेलो नाही.

परंतु केवळ सद्गुणांनी कीर्ती होते असे समजणे भाबडेपणाचे आहे. ग्रँबलिंगची कीर्ती १९४८ साली तेथे आलेल्या कॉली निकोल्सन यांच्या लेखणीने बरीच केली. हे गृहस्थ कॉलेजच्या खेळांचे वृत्तलेखक. गोऱ्यांची वृत्तपत्रे छापीत नसत, म्हणून देशभरच्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांस ते मजकूर पाठवीत. पुढच्याच वर्षी रॉबिन्सन यांचा शिष्य पॉल ‘टँक’ यंगर लॉस एंजेलिसच्या धंदेवाईक संघात गेला. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून तेथवर पोहोचलेला हा पहिला खेळाडू. त्याच्या मागून दोनशेंहून अधिक गेले. त्यांतील विली डेव्हिस, विली ब्राउन, बक ब्यूकॅनन आणि चार्ली जॉयनर हे चौघे त्या खेळाच्या मानमंदिरात जाऊन बसले आहेत. १९६८ साली न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर ग्रँबलिंगचा सामना पाहावयास साठ हजारांवर लोक जमले, आणि १९७६ साली हा संघ टोकियोपर्यंत जाऊन आला.

आकड्यांचे प्रकरण आमच्या जावयांच्या गावात घडले. अलाबामाचे पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांचे ३२३ विजय हा तोवरचा उच्चांक. ५ ऑक्टोबर १९८५ रोजी डॅलसच्या कॉटन बोल मैदानावर रॉबिन्सन यांनी ३२४ वा विजय मिळविला. मग वाद सुरू झाला: ब्रायंट बलाढ्य संघांशी लढले, रॉबिन्सन लहानांशी, दोन्ही विजय एका तराजूत कसे घालावयाचे? गोरी विद्यापीठे ग्रँबलिंगशी खेळतच नव्हती तो काळ या वादात पुष्कळांस आठवत नसे. अखेरची संख्या ४०८ झाली. २००३ साली मिनेसोटातील जॉन गॅगलियार्डी यांनी तीही ओलांडली.

रॉबिन्सन यांच्या काळात सर्व गोड होते असे मात्र नाही. १९६७ साली ग्रँबलिंगच्याच विद्यार्थ्यांनी, येथे अभ्यासापेक्षा खेळाचे स्तोम फार, म्हणून मोठी चळवळ केली. त्यांचे म्हणणे आम्हांस खोटे वाटत नाही. ज्या गावाचे नाव जग एका चेंडूमुळे ओळखते तेथे गणिताच्या प्राध्यापकास काय वाटत असेल?

आम्हांस अधिक चटका लावला तो अखेरच्या वर्षांनी. १९९५ ते १९९७ या तीन हंगामांत संघ जिंकला त्यापेक्षा अधिक हरला. शेवटच्या दोहोंत तर प्रत्येकी तीनच विजय. १९९६ च्या अखेरीस विद्यापीठातील काही मंडळींनी त्यांस निरोप देण्याचे ठरविले. लोक खवळले, गव्हर्नरांनी मध्यस्थी केली आणि एक वर्ष अधिक मिळाले. त्या वर्षी पुन्हा पराभवच. मैदानास ज्याचे नाव दिलेले आहे अशा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या पुरुषाने त्याच मैदानावर आठवड्यामागून आठवडे हार पाहावी! अठ्ठावन्न पूर्ण होताच नियमाने आम्हांस घरी बसविले तेव्हा आम्ही त्या नियमास पुष्कळ बोल लावले होते. ग्रँबलिंगला ते थोडे परत घेतले. एक गोष्ट तेवढी समाधानाची झाली. त्यांच्या जागी आला तो त्यांचाच शिष्य डग विल्यम्स. याने १९८८ साली वॉशिंग्टनच्या संघास देशातला सर्वोच्च सामना जिंकून दिला होता, आणि त्याच्या जागी खेळून तो जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय.

३ एप्रिल २००७ रोजी रॉबिन्सन वारले. त्यांचा देह दर्शनासाठी बॅटन रूजच्या विधानभवनात ठेवला होता. त्यांच्या तरुणपणी त्याच शहरातल्या संस्थानी विद्यापीठात त्यांच्या वर्णाच्या मुलास प्रवेश नव्हता.

विद्यापीठाच्या आवारात २०१० साली त्यांचे संग्रहालय उघडले. आम्ही गेलो त्या दिवशी गर्दी नव्हती. तेथील वयस्क सेवकाने आम्हांस सावकाश सर्व दाखविले. घंटेविषयी विचारताच हातात काही नसता मनगट हलवून ती कशी वाजे ते करून दाखविले, आणि नातू खदखदून हसला. निघताना त्याने आमचा व्यवसाय विचारला. संस्कृत शिकवीत होतो, असे नातवाकरवी सांगितले. किती वर्षे? चौतीस.

“कोच इथं छप्पन्न वर्षे होते,” तो म्हणाला, आणि बोटांवर वजाबाकी करून त्याने आमच्याकडे मोठ्या सहानुभूतीने पाहिले.